पंधरा दिवसांचं अंतर

अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याची राजधानी लिटल रॉक. तिथे थर्ड स्ट्रीट आणि लुइझियाना स्ट्रीट मिळतात त्या कोपऱ्यावर 1908 साली बांधलेली एक भारदस्त इमारत आहे. ती आखणारे जॉर्ज मान हे राज्याच्या विधानभवनाचेही वास्तुविशारद. या इमारतीतून ‘आर्कान्सॉ गॅझेट’ निघायचं. 1991च्या ऑक्टोबरात ते बंद पडलं आणि पुढच्याच वर्षी तिथे बिल क्लिंटन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराचं मुख्य कार्यालय आलं. ज्या वास्तूत त्यांच्यावर अग्रलेख लिहिले गेले, व्यंगचित्रं काढली गेली, तिथेच बसून त्यांच्या माणसांनी देशभरची निवडणूक लढवली.

गॅझेटचा पहिला अंक 20 नोव्हेंबर 1819 रोजी निघाला. तेव्हा आर्कान्सॉला राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता. विल्यम वुड्रफ नावाच्या तरुण मुद्रकाने नदीवाटेने छपाईयंत्र आणून हे पत्र सुरू केलं. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचं सर्वांत जुनं वर्तमानपत्र म्हणून ते मिरवत असे. पण त्याची खरी पत ठरली ती 1957 साली. लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश देण्यावरून शहर पेटलं, गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी मुलांना अडवायला सैनिक उभे केले, आणि गॅझेटने गव्हर्नरच्या विरोधात भूमिका घेतली. वाचक तुटले, जाहिरातदार बिथरले, खप घसरला. 1958 साली याच कामासाठी दोन पुलित्झर पारितोषिकं मिळाली, एक वर्तमानपत्राला आणि एक संपादक हॅरी अ‍ॅशमोर यांच्या अग्रलेखांना.

शहरात दुसरं दैनिक होतं ‘आर्कान्सॉ डेमोक्रॅट’. नावात डेमोक्रॅट असलं तरी त्याचा कल उजवीकडे. 1974 साली ते वॉल्टर हसमन यांच्या हाती आलं तेव्हा ते सायंदैनिक होतं आणि गॅझेटच्या पुढे त्याचा टिकाव लागत नव्हता. हसमन यांनी घरगुती छोट्या जाहिराती चक्क फुकट छापायला सुरुवात केली, अंक सकाळी काढायला घेतला आणि बातमीदारांची संख्या वाढवली. 1978 साली जॉन रॉबर्ट स्टार व्यवस्थापकीय संपादक म्हणून आले. माणूस भांडखोर, लेखणी त्याहून. गॅझेटने 1984 साली मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि 1986 मध्ये तो हरला. त्याच वर्षी जुन्या मालक कुटुंबाने गॅझेट ‘गॅनेट’ या बलाढ्य साखळीला विकलं.

क्लिंटन यांची कारकीर्द घडली ती या भाऊबंदकीच्या काळात. 1978 साली, वयाच्या 32व्या वर्षी, ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. अधिकाराने पाहिलं तर तो मुख्यमंत्र्याच्या जागी. गॅझेटचे व्यंगचित्रकार जॉर्ज फिशर यांनी या तरुण गव्हर्नरला तीनचाकी सायकलवर बसवलं. वाहनांच्या नोंदणीचं शुल्क वाढवणं अंगाशी आलं आणि 1980 साली फ्रँक व्हाइट यांनी त्यांना हरवलं. मग पाळी व्हाइट यांची. शाळेत उत्क्रांतीच्या जोडीने ‘सृष्टिनिर्मितीचं विज्ञान’ शिकवण्याच्या विधेयकावर त्यांनी ते न वाचताच सही केली, आणि फिशर यांनी त्यांच्या हातात अर्धवट सोललेलं केळं दिलं. ते केळं व्हाइट यांच्या हातातून पुन्हा सुटलं नाही. 1982 साली क्लिंटन परतले. पुढे मुरत गेले तशी फिशर यांनीही त्यांची बढती केली: तीनचाकीवरून दुचाकी सायकल, सायकलवरून पिकअप ट्रक.

पण क्लिंटन यांना आयुष्यभर चिकटलेला शब्द लिटल रॉकमध्ये जन्मला नाही. तो आला पाइन ब्लफ या जवळच्या लहानशा शहरातून. तिथल्या ‘पाइन ब्लफ कमर्शियल’मध्ये पॉल ग्रीनबर्ग अग्रलेख लिहीत, 1969 साली त्यांनाही पुलित्झर मिळालं होतं. 1980 साली त्यांनी क्लिंटन यांना ‘स्लिक विली’ म्हटलं. गुळगुळीत, निसरडा, बोटांतून सुटणारा असा तो अर्थ. बारा वर्षांनी देशभरच्या विरोधकांनी हाच शब्द उचलला.

या राज्यातून राष्ट्राध्यक्ष होणं ही कल्पनाच अवघड होती. 1990च्या जनगणनेत आर्कान्सॉची लोकसंख्या होती साडेतेवीस लाख आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात त्याची मतं अवघी सहा. 1988च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात क्लिंटन इतकं लांबलचक बोलले होते की ‘शेवटी’ हा शब्द उच्चारताच सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यात 1991च्या आखाती युद्धानंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची लोकप्रियता 90 टक्क्यांच्या घरात गेली आणि डेमोक्रॅटिक पक्षातली मोठी नावं एकेक करून मागे सरली.

घरच्या वर्तमानपत्रांची हरकत मात्र वेगळीच होती. 1990च्या निवडणुकीत क्लिंटन यांनी गव्हर्नरपदाची चार वर्षं पूर्ण करण्याचा शब्द दिला होता. 1991च्या उन्हाळ्यात ते राज्यभर फिरले आणि त्या शब्दातून मोकळं करा, असं लोकांना विचारत राहिले. 3 ऑक्टोबर 1991 रोजी ओल्ड स्टेट हाउस या जुन्या विधानभवनाच्या पायऱ्यांसमोर त्यांनी उमेदवारी जाहीर केली. बाहेरगावच्या बातमीदारांसाठी तो एका होतकरू उमेदवाराचा शुभारंभ होता. डेमोक्रॅटच्या स्तंभलेखिका मेरेडिथ ओकली यांनी मात्र दिलेला शब्द मोडला म्हणून त्यांना सडकून झोडपलं. न्यूयॉर्कच्या वाचकाला त्या शब्दाचं काय. तो शब्द दिला होता आर्कान्सॉला.

स्थानिक पत्राचं बळ इथेच असतं. उमेदवार दहा वर्षांपूर्वी कुठे काय म्हणाला, कोणाला पाडून आला, कोणत्या करावरून आपटला, हे त्याच्या कात्रणांत आयतं पडलेलं असतं. आणि दुखणंही इथलंच. इतक्या वर्षांच्या सहवासात कोणाची माया जडलेली असते, कोणाचा डूख धरलेला असतो. गॅझेट क्लिंटनकडे झुकलेलं, डेमोक्रॅट उलट बाजूला. पण दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचणाऱ्याला एकाची भर दुसऱ्यात मिळत असे, आणि बातमी हुकली की शेजारी छापणार ही धास्ती दोन्हीकडे असे.

उमेदवारी जाहीर झाल्यावर ती सोय पंधरा दिवस टिकली. 18 ऑक्टोबर 1991 रोजी गॅझेटचा शेवटचा अंक निघाला. आणखी महिनाभराने पत्राला 172 वर्षं पूर्ण झाली असती. गॅनेटने गॅझेटची मालमत्ता हसमन यांना विकली आणि 19 तारखेला ‘आर्कान्सॉ डेमोक्रॅट-गॅझेट’ या जोडनावाचा अंक दारात पडला. नाव दोघांचं, घर एकाचं. राज्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी राजकीय बातमी नुकती सुरू झाली होती, आणि तिचा पाठलाग करणाऱ्या दोन दैनिकांपैकी एक उरलं होतं.

बेकार झालेल्यांपैकी काहींनी दुसरा संसार मांडला. ‘आर्कान्सॉ टाइम्स’ हे मासिक मे 1992 मध्ये साप्ताहिक झालं. गॅझेटचे मॅक्स ब्रँटली, अर्नेस्ट ड्यूमस आणि जॉर्ज फिशर तिथे आले. तिकडे ग्रीनबर्ग त्याच वर्षी पाइन ब्लफ सोडून डेमोक्रॅट-गॅझेटच्या संपादकीय पानाचे प्रमुख झाले. म्हणजे ‘स्लिक विली’चा जनक राज्यातल्या सर्वांत मोठ्या दैनिकात, आणि तीनचाकी सायकलचा जनक साप्ताहिकात.

1992च्या फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत क्लिंटन दुसरे आले आणि तेवढ्यावर त्यांनी स्वतःला ‘कमबॅक किड’ म्हणवून घेतलं. त्यांच्यासाठी दारोदार फिरायला आर्कान्सॉहून साधी माणसं तिकडे बर्फात गेली होती. जुलैत पक्षाची उमेदवारी मिळाली. गॅझेटच्या रिकाम्या इमारतीत टेबलं, टेलिफोन आणि दूरचित्रवाणी संच आले. प्रचाराचे सूत्रधार जेम्स कार्व्हिल आणि जॉर्ज स्टेफनोपोलस यांची ‘वॉर रूम’ तिथेच. विरोधकांच्या प्रत्येक आरोपाला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे हा तिचा नेम, म्हणजे एका अर्थी बातमीदारीचीच घाई. ‘द वॉर रूम’ हा 1993चा माहितीपट पाहणाऱ्याला या गॅझेटच्या इमारतीचं आतून दर्शन घडतं.

पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणतात. इथे उलट झालं. ‘स्लिक विली’, तीनचाकी सायकल, मोडलेला शब्द, हे सगळं वर्षानुवर्षं सकाळच्या चहाबरोबर वाचलेल्या लोकांनी 3 नोव्हेंबर 1992 रोजी क्लिंटन यांना 53 टक्के मतं दिली. तिरंगी लढतीत देशभरात त्यांना 43 टक्के मिळाली. निम्म्याहून जास्त मतं त्यांच्या पदरात टाकणारं आर्कान्सॉ हे एकमेव राज्य. त्याखेरीज राजधानी वॉशिंग्टनने तेवढी दिली. त्या रात्री क्लिंटन पुन्हा ओल्ड स्टेट हाउससमोर उभे राहिले.

गॅझेटच्या इमारतीत 2008 साली शाळा सुरू झाली.