जपानी तलवारीची पारख

१९४५ साली जपान शरण आले, तेव्हा त्याच्या अधिकाऱ्यांना तलवारी खाली ठेवाव्या लागल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मराठा पलटणीही लढल्या होत्या. तेव्हा एखाद्या घरी अशी तलवार निघाली, तर नवल नाही. मात्र ती सामुराईचीच असे समजू नये, आणि मोडीच्या भावाने विकूही नये.

बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा शिंगांचा रंग पाहत नाही, दात पाहतो. तलवारीचेही तसेच आहे.

प्रथम मूठ पाहावी. १९३५ च्या नमुन्याची, हवालदाराच्या दर्जाच्या लोकांची तलवार कारखान्यात बनलेली असते. तिची मूठ बहुधा ओतीव अॅल्युमिनियमची, आणि पात्यावर क्रमांक असतो. अधिकाऱ्याच्या मुठीवर खरी फीत गुंडाळलेली असून तिच्याखाली माशाचे खरखरीत कातडे असते.

ही मूठ आतली खुंटी काढली की निघते. मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या भागावर कधी घडवणाऱ्याची सही असते. सहीजवळ 'शोवा' किंवा 'सेकी' असा लहान शिक्का असला, तर पाते बहुधा युद्धकाळातले, जुन्या रीतीने न घडवलेले. तारा असला, तर जुन्या रीतीचे पोलाद. सही नसली म्हणून पाते हलके ठरत नाही. लष्करी मुठीत कित्येकदा शतकांपूर्वीचे पाते बसवलेले असते.

त्या भागावरचा गंज मात्र कधीही घासू नये. तो वयाचा पुरावा आहे. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला एवढेच वाटते, की चकाकीच्या हौसेपायी घडवणाऱ्याचे नाव पुसले जाऊ नये.