जखम उन्हाची, औषधही उन्हाचेच

कवितेत ऊन एक तर कोवळे असते, नाही तर रणरणते. निसर्गात मात्र एकाच उन्हात इजा करणारे किरण असतात आणि ती इजा भरून काढणारेही. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हे समजल्यापासून ‘प्रकाश’ हा शब्द लिहिताना माझा हात जरा थबकतो.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते पेशीत शिरले, की डीएनएच्या साखळीतल्या शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात, गाठ बसते. मग पेशीला साखळी नीट वाचता येत नाही. गाठी फार झाल्या, की पेशी मरते किंवा बिघडते.

१९४९ साली अमेरिकेत अल्बर्ट केलनर यांना आढळले, की या किरणांनी मरणपंथाला लागलेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले तर त्यांतले पुष्कळ वाचतात. त्यामागे होते फोटोलायेज नावाचे विकर. ते अंधारातही गाठ शोधते, तिला धरून बसते. पण गाठ सोडवायला त्याला निळ्या प्रकाशाचे बळ लागते. उजेड आला, की गाठ सुटते आणि विकर पुढच्या गाठीकडे वळते. तुर्कस्तानातल्या सावूर गावी जन्मलेल्या अझीझ सांजार यांनी या विकरावर आयुष्यभर काम केले. २०१५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

मासे, पक्षी, बेडूक यांच्यापाशी हे विकर असते, पण सर्वांपाशी सारखे नसते. ओरेगॉन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात अँड्र्यू ब्लॉस्टीन आणि सहकाऱ्यांनी बेडकांच्या अंड्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ज्या झाडबेडकाच्या अंड्यांत विकर भरपूर, त्याची पिल्ले उघड्या उन्हातही नीट बाहेर पडली. ज्या दोन जातींत ते कमी, त्यांची अंडी अतिनील किरण अडवणारे आच्छादन घातल्यावर अधिक जगली. जगभर बेडूक घटण्याची कारणे अनेक आहेत. पण वरचा ओझोनचा थर विरळ झाला, तर आधी कोणावर बेतेल, हे थोडेफार या विकराच्या मापावर ठरते.

आता तुम्ही विचाराल, आपले काय? आपल्यापाशी ते नाही. कांगारूच्या कुळात ते टिकले. गर्भाला वारेतून पोसणाऱ्या आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या वाटेवर गमावले. आपल्या पेशी खराब तुकडा कापून तिथे नवा जोडतात. हे काम उजेडावाचून चालते, पण त्यात खटाटोप फार. ज्या मुलांत जन्मतःच ही कापजोड बिघडलेली असते, त्यांना लहान वयातच त्वचेचा कर्करोग गाठतो. त्यांना उन्हापासून जिवापाड जपावे लागते.

बेडकाच्या अंड्याला जे ऊन भाजते, तेच बरेही करते. आपल्या कातडीवर मात्र ते फक्त गाठी बांधते. तेव्हा भर दुपारी डोक्यावर घेतलेली टोपी, पदर किंवा झाडाची सावली यांना नाजूकपणा म्हणू नये.