हिशेबाच्या वहीवर मालकी कुणाची?

महिन्याला किराण्यावर इतके, पेट्रोलवर इतके, बाहेर खाण्यावर इतके. मर्यादा आपली आपणच घालायची आणि खर्च होत गेला की किती उरले ते पाहत राहायचे. मराठी मध्यमवर्गीय घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या एका वहीत उरकले गेले. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २०११ मध्ये जवळपास याच कामाचे पेटंट देऊन टाकले. क्रमांक ८०८३१३७, विषय वित्तीय खात्यांचे व्यवस्थापन.

अर्थात पेटंटात ‘वही’ म्हणून चालत नाही. तिथला दावा साधारण असा होता: वापरकर्त्याच्या ओळखीशी जोडलेली नोंद डेटाबेसमध्ये साठवायची; त्या नोंदीत त्याने स्वतः निवडलेली खर्चाची सदरे आणि प्रत्येक सदराची त्याने आधीच घातलेली मर्यादा असेल; मग संपर्कमाध्यमातून त्याच्या उपकरणाकडे झालेल्या व्यवहारांचा गोषवारा त्या मर्यादेसकट धाडायचा. दोनदा वाचले तर कळते की यात वहीपलीकडचे म्हणावे असे फक्त डेटाबेस, माध्यम आणि उपकरण आहे, आणि ही तिन्ही २०११ च्या कितीतरी आधी घरोघर पोचली होती. हे पेटंट होते इंटलेक्च्युअल व्हेंचर्स या कंपनीकडे. पेटंटे गोळा करायची आणि ती वापरणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे घ्यायचे, हा तिचा मोठा धंदा. तिने कॅपिटल वन या बँकेला कोर्टात खेचले. ६ जुलै २०१५ रोजी फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने निकाल दिला, की खर्चाचा मागोवा घेऊन तो मर्यादेशी ताडून पाहणे ही अमूर्त कल्पना आहे, असले अंदाजपत्रक कागद-पेन्सिलीनेही होते, आणि त्यावर मक्तेदारी मिळणार नाही.

न्यायालयाला जे दिसले ते पेटंट परीक्षकाला का दिसले नाही? परीक्षक काही भोळसट नव्हता. त्याच्या हातातला नियमच मधल्या तीसेक वर्षांत दोनदा फिरला होता.

सुरुवात मेरिल लिंच या दलाली पेढीपासून. तिने १९७७ मध्ये ग्राहकाची शेअरची उलाढाल, मनी मार्केट फंड, चेकबुक आणि कार्ड एकाच खात्यात आणले. पडून राहिलेली रोकड आपोआप फंडात वळती व्हायची. बँका चिडल्या, ग्राहक खूश झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये या व्यवस्थेला पेटंट मिळाले. प्रतिस्पर्धी पेन वेबरने त्याला आव्हान दिले, तेव्हा डेलावेअरच्या न्यायालयाने १९८३ मध्ये जो युक्तिवाद स्वीकारला तो आज वाचताना गंमत वाटते. हेच काम हातांनी केले असते तर पेटंट मिळाले नसते, पण दावा संगणक चालवण्याच्या पद्धतीचा आहे, म्हणून चालेल! पुढची कित्येक वर्षे वकिलांनी या एका वाक्यावर संसार केला.

मग १९९८ चा स्टेट स्ट्रीट खटला. अनेक म्युच्युअल फंडांचा पैसा एका सामाईक भागीदारीत ठेवायचा आणि प्रत्येकाचा वाटा रोजच्या रोज काढायचा, अशा प्रणालीचे पेटंट सिग्नेचर फायनान्शियलकडे होते. न्यायमूर्ती गाइल्स रिच तेव्हा ९४ वर्षांचे होते आणि अमेरिकेचा १९५२ चा पेटंट कायदा लिहिणाऱ्यांपैकी एक. त्यांनी ठरवले की आकडेमोडीतून उपयुक्त, ठोस, हाती लागणारे काही निघाले की पुरे. शेअरची किंमत हे तसे फळ आहे. धरणाचा दरवाजा उघडल्यासारखे अर्ज आले. पेटंट कार्यालयाला २००० मध्ये असल्या अर्जांवर दुसऱ्या परीक्षकाची नजर फिरवायची सोय करावी लागली. अखेर २०११ च्या कायद्याने, वित्तीय सेवेच्या व्यवस्थापनाशी संबंधित अशा, दिल्या गेलेल्या पेटंटांची पुन्हा झाडाझडती घ्यायची खास प्रक्रियाच सुरू केली. ती आठ वर्षे चालली.

दरवाजा बंद केला तो ॲलिस खटल्याने. त्याची मुळे जर्मनीत सापडतात. २६ जून १९७४ रोजी कोलोनच्या हेर्श्टाट बँकेला सरकारने दिवसाढवळ्या टाळे ठोकले. त्या दिवशी अनेक परदेशी बँकांनी तिला जर्मन मार्क देऊन टाकले होते आणि बदल्यात डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळ होती. डॉलर आलेच नाहीत. परकी चलनाच्या सौद्यात एका बाजूने पैसे दिले आणि दुसरी बाजू बुडाली, या धोक्याला तेव्हापासून त्या बँकेचेच नाव पडले.

ऑस्ट्रेलियाच्या ॲलिस कॉर्पोरेशनच्या पेटंटांनी या धोक्यावर तोडगा मांडला तो असा. मध्ये एक तटस्थ संस्था. ती दोन्ही पक्षांची सावली-खाती ठेवते. सकाळी खऱ्या बँकांकडून शिलकीचे आकडे घेऊन ही खाती उघडायची, दिवसभर प्रत्येक सौदा आधी सावली-खात्यावर आजमावायचा, ज्याच्या सावलीत पुरेशी शिल्लक नाही त्याचा सौदा अडवायचा, आणि संध्याकाळी फक्त मंजूर सौद्यांचे आदेश खऱ्या बँकांना द्यायचे. ते मागे घेता येत नाहीत. विचार म्हणून उत्तम. पण शोध? २०१३ मध्ये फेडरल सर्किटचे दहा न्यायाधीश एकत्र बसले आणि कारणांवर त्यांच्यात बहुमत होईना. १९ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की मध्यस्थामार्फत देवघेव मिटवणे ही जुनी आर्थिक रीत आहे, आणि ‘हे संगणकावर करा’ एवढे म्हटल्याने ती शोध ठरत नाही. कॅपिटल वनचा निकाल याच दगडावर उभा आहे.

मला यात युरोपची रीत जास्त प्रामाणिक वाटते. अमेरिकेत ‘अमूर्त’ म्हणजे काय याची व्याख्या न करताच निकाल लागतात. युरोपियन पेटंट कार्यालयाने निदान कामाची वाटणी तरी केली आहे. २००२ चे कॉमविक प्रकरण घ्या. सिम कार्डावर दोन ओळखी ठेवायच्या, एक खासगी कॉलसाठी आणि एक कचेरीच्या कॉलसाठी, म्हणजे बिल वेगवेगळे लागेल. अपील मंडळाने म्हटले की खर्च कुणी सोसायचा हे ठरवणे तंत्रज्ञाचे काम नाही. ती गरज व्यवसाय करणाऱ्याने अभियंत्यापुढे ठेवली असे धरून चालू, आणि मग विचारू: ती पुरी करायला अभियंत्याला काही नवे सुचावे लागले का? एका कार्डावर दोन ओळखी ठेवणे अवघड नव्हते. पेटंट गेले. तेव्हापासून तिथला परीक्षक प्रत्येक वित्तीय अर्जात मनातल्या मनात दोन माणसे बसवतो. मुनीम काय मागतो आणि अभियंता काय देतो. मुनिमाच्या मागणीत कितीही चातुर्य असो, त्याला गुण नाहीत.

भारतात ही गाळणी कायद्यातच लिहिली आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(क) नुसार, म्हणजे इंग्रजी ‘के’, गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, संगणकाचा प्रोग्राम ‘पर से’ (म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून), आणि अल्गोरिदम हे शोध मानले जात नाहीत. हे कलम मे २००३ पासून लागू आहे. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने अध्यादेश काढून प्रोग्रामच्या औद्योगिक वापराला वाट करून दिली होती. संसदेने २००५ मध्ये ती बुजवली. पुढे कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी तीन वर्षांत तीन कोलांट्या खाल्ल्या. २०१५ मध्ये सैल, २०१६ मध्ये ‘नवे हार्डवेअर दाखवा’ म्हणण्याइतक्या आवळलेल्या, २०१७ मध्ये ती अट काढून टाकलेल्या.

अर्जदार आणि त्याचा एजंट यांचा खरा सामना होतो तो आक्षेपांच्या पहिल्या अहवालाशी, म्हणजे एफईआरशी. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्जदार मुंबई कार्यालयाच्या, अँटॉप हिलच्या, हद्दीत येतात. उत्तराला सहा महिने. त्यानंतर हवे तर हिअरिंग, आणि अर्ज नाकारला तर उच्च न्यायालय.

परीक्षक नेमके काय खोडतो ते एका कल्पित अर्जावर पाहू. समजा सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेसाठी कुणी सॉफ्टवेअर केले आहे. दावा म्हणतो: प्रोसेसर आणि त्याला जोडलेली मेमरी असलेला सर्व्हर, प्रत्येक सभासदाचे युजर अकाउंट, लॉगिन केल्यावर सभासदाला फक्त स्वतःचा खातेउतारा, शाखाधिकाऱ्याला शाखेचा, लेखापरीक्षकाला सगळ्यांचा, आणि कर्जाचे तीन हप्ते थकले की जामीनदाराच्या मोबाइलवर संदेश. पहिली ओळ कुठल्याही संगणकाचे वर्णन आहे, ती गेली. कुणी काय पाहावे याच्या परवानग्या जुन्याच, त्याही गेल्या. तीन हप्त्यांनंतर जामीनदाराला कळवायचे हा संचालक मंडळाचा ठराव आहे. तो सर्व्हरवर चालतो म्हणून तांत्रिक होत नाही. पानभर मजकुरातून हाती भोपळा.

आता त्याच सॉफ्टवेअरच्या आत शिरू. शिराळ्याच्या डोंगरी भागात पिग्मी एजंट दारोदार फिरून मशीनवर रोजची ठेव गोळा करतो. रेंज जाते. रेंज आली की मशीन साठलेल्या पावत्या पाठवते. उत्तर वेळेत आले नाही तर पुन्हा पाठवते. तेवढ्यात सभासद शाखेत येऊन त्याच खात्यातून पैसे काढतो. एकच पावती दोनदा चढू नये, शिल्लक चुकू नये आणि तरीही सगळे खातेवही-कोष्टक कुलूपबंद करून इतरांना ताटकळत ठेवावे लागू नये, यासाठी कुणी नवी रचना केली असेल तर प्रश्न व्याजाचा किंवा ठरावाचा राहत नाही. तो नेटवर्कचा आणि मेमरीचा होतो. परीक्षक इथे सावरून बसतो.

पण हुरळून जाण्यात अर्थ नाही. कलम ३ ही नुसती पहिली चौकट. पुढे नावीन्य पाहिले जाते, आणि संगणकशास्त्राने ही अडचण १९७० च्या दशकापासून पिंजून काढली आहे; डेटाबेस आणि व्यवहारप्रक्रियेवरच्या कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. आपली रचना त्या सगळ्यांपेक्षा कुठे वेगळी, हे दाखवायला बरेच अर्जदार तयारच नसतात. त्यांची सारी शक्ती प्रोसेसर आणि मेमरी हे शब्द पेरण्यात गेलेली असते. अशा शब्दपेरणीचे आता एक शास्त्रच झाले आहे, आणि शास्त्र जाणणाऱ्यांची फी लहान उद्योजकाच्या खिशाला परवडणारी नाही.

रेषा नेहमी अशी स्वच्छ दिसते असे नाही. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की आजच्या जगात प्रोग्राम असलेला प्रत्येक शोध नाकारणे मागासपणाचे ठरेल; तांत्रिक परिणाम दिसत असेल तर कलमाची आडकाठी येऊ नये. मग मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयातून चार दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. ओपनटीव्हीचा अर्ज नेटवर्कवरून चित्रपट-संगीतासारखी सामग्री भेट देण्याच्या व्यवस्थेचा होता. ११ मे रोजी न्यायालयाने तो व्यवसायपद्धत ठरवून फेटाळला, आणि हेही स्पष्ट केले की ‘पर से’ची सवलत प्रोग्रामला आहे, व्यवसायपद्धतीला नाही, तिच्यावरची बंदी सरसकट आहे. १५ मे रोजी मायक्रोसॉफ्टचा अर्ज आला. वापरकर्त्याने एकदा लॉगिन केले की संकेतस्थळासाठी एक कुकी आणि आतल्या उपविभागासाठी दुसरी, म्हणजे एका विभागाला दुसऱ्यात घुसखोरी करता येऊ नये. इथे न्यायालयाला सुरक्षेतली तांत्रिक सुधारणा दिसली. नकार रद्द झाला आणि अर्ज फेरतपासणीला गेला. दोन्हीकडे सर्व्हर, दोन्हीकडे वापरकर्ते. एकाने व्यवहार नवा आणला, दुसऱ्याने कुलूप.

ओपनटीव्हीच्या निकालात व्यवसायपद्धतीवरच्या बंदीचा फेरविचार व्हावा असेही सुचवले आहे, आणि संसदीय समितीने २०२१ मध्ये कलम ३(क) बद्दल तसाच सूर लावला होता. स्टार्टअपना प्रोत्साहन मिळेल म्हणतात. मला ते पटत नाही. व्यवसायपद्धतीचे दार उघडले तर पहिला फायदा होईल तो अंदाजपत्रकाच्या वहीवर दावा सांगणाऱ्यांचा. सांगलीच्या पतसंस्थेला तेव्हा आपल्याच जामीनदाराला संदेश धाडण्यासाठी परवाना विकत घ्यावा लागेल. लिहिलेल्या कोडची चोरी रोखायला कॉपीराइट आहेच, आणि त्याला परीक्षकाची पायरी चढावी लागत नाही.

तोवर अर्ज करणाऱ्याने एक ध्यानात ठेवायला हवे. कलम ५९ नुसार, दाखल केलेल्या मूळ विवरणात जे नाही ते नंतर दुरुस्तीच्या नावाखाली घुसवता येत नाही. पावत्या दोनदा चढू न देणारी रचना तुमच्या प्रोग्रामरने खरोखर केली असेल, पण विवरणात मात्र सभासद, जामीनदार आणि हप्ते एवढेच लिहिले असेल, तर हिअरिंगला तिचे कितीही वर्णन करा, नियंत्रकाला ती विचारात घेता येत नाही. म्हणून विवरण लिहायला बसताना शेजारी मार्केटिंगवाल्याऐवजी प्रोग्रामरला बसवा, आणि रेंज गेल्यावर मशीन नेमके काय करते ते त्याच्याकडून टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या.