कुणाचा रे तू?

गावी नवख्या पोराला कुणी नाव विचारत नाही. 'कुणाचा रे तू?' असे विचारतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. स्नेहसंमेलनातील नाटकाचे नेपथ्य ब्लेंडरमध्ये उभे करण्यासाठी मी पायथॉनमध्ये एक ॲड-ऑन लिहिले. त्याचे नाव प्रत्येक फाइलीत हाताने लिहिले होते. २०२४ साली आलेल्या ४.२ आवृत्तीत ते एक्स्टेन्शन म्हणून बसवले आणि ऐन तालमीच्या दिवसांत सेटिंग्ज सापडेनात! कारण तेथे नावाआधी 'बीएल_एक्स्ट' आणि भांडाराचे नाव लागते.

उपाय सोपा निघाला. मागेपुढे दोन-दोन अधोरेषा देऊन लिहिलेले 'नेम' फाइलीचे स्वतःचे पूर्ण नाव सांगते. तसेच लिहिलेले 'पॅकेज' तिचे घराणे सांगते. फाइल एका पोटफोल्डरात असेल तर उत्तरात त्याचेही नाव येते. तेव्हा दोन टिंबे देऊन वरच्या घरातून 'पॅकेज' आयात करावे. पहिल्या टिंबापाशी नाव तोडू नये. हाती नुसते 'बीएल_एक्स्ट' उरते.

मित्रहो, नाव गृहीत धरण्यापेक्षा विचारलेले बरे. वर्गात प्रश्न विचारायला मी भीत असे. आता विचारतो.