आधी रेंज, मग रिचार्ज, शेवटी फोन

हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांच्या खर्चात मोबाइलचा रिचार्ज ही बियाणे-खतांइतकीच ठरलेली बाब झाली असली, तरी बियाण्याच्या पिशवीचा भाव चार दुकानांत विचारणारे घर रिचार्जच्या बाबतीत मात्र दुकानदार सांगेल तो पॅक मारून मोकळे होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके असून, येथील बहुतेक घरांत पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. तो सोयाबीन निघाल्यावर दिवाळीच्या आसपास आणि हळद शिजवून, वाळवून मोंढ्यावर नेल्यावर उन्हाळ्यात येतो. रिचार्ज मात्र दर २८ दिवसांनी दारात उभा राहतो. उत्पन्नाचा हंगाम आणि खर्चाची तारीख यांचा हा बेमेळ लक्षात घेतल्याशिवाय प्रीपेड योजनेची, म्हणजे आधी पैसे भरून मग सेवा वापरण्याच्या योजनेची, निवड नीट करता येत नाही.

सर्वसाधारणपणे खरेदीचा क्रम असा असतो की आधी फोन आवडतो, मग त्यात घालायचे सिम ठरते आणि रेंजचा प्रश्न घरी आल्यावर पडतो. हा क्रम उलटा असायला हवा. हिंगोली, कळमनुरी, वसमत अशा शहरांत कोणतेही सिम चालून जाते. परंतु औंढा, सेनगाव आणि कळमनुरीच्या डोंगराळ भागातील वाड्या-तांड्यांवर टॉवर आणि घर यांच्यामध्ये टेकडी आली की एका कंपनीचे सिम मुके होते आणि दुसऱ्या कंपनीचे चालू राहते. याचे कारण रेडिओलहरींच्या स्वभावात आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झ अशा कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीही बऱ्यापैकी भेदतात, तर २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी माहिती भरपूर वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला तोकडा असतो. वारंवारतेच्या अशा प्रत्येक पट्ट्याला ‘बँड’ म्हणतात. पत्र्याच्या घरात रेंज अंगणापेक्षा कमी मिळते, कारण धातूचा पत्रा लहरी परतवतो. म्हणून एखाद्या कंपनीची रेंज पाहायची तर ती रस्त्यावर उभे राहून नव्हे, तर घरात, गोठ्यात आणि शेतातल्या विहिरीपाशी पाहावी.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक झाले आहे आणि ते नकाशे अवश्य पाहावेत, मात्र शेजाऱ्याचे सिम अर्धा दिवस आपल्या फोनमध्ये घालून केलेली चाचणी त्याहून अधिक भरवशाची ठरते. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या आणि पुणे, मुंबई, हैदराबाद येथे कामाला असणाऱ्या माणसांनी दोन्ही ठिकाणची रेंज विचारात घ्यावी. दूरसंचार खात्याच्या रचनेत मुंबई वगळता सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ, म्हणजे ‘सर्कल’, होते. हल्लीच्या पॅकमध्ये देशभरातील रोमिंगला वेगळा आकार पडत नसल्यामुळे सर्कल ओलांडण्याची पूर्वीची भीती उरलेली नाही.

रेंज नसलेली कंपनी सोडण्यासाठी नंबर सोडावा लागत नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून सुरू झाली आणि ३ जुलै २०१५ पासून ती एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही मिळू लागली. इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि तो संदेश १९०० या क्रमांकावर पाठवावा, म्हणजे एक संकेतांक येतो. तो चार दिवस चालतो आणि नव्या कंपनीच्या दुकानात दाखवायचा असतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असणे मात्र आवश्यक आहे.

नंबर टिकवण्याला आज जे महत्त्व आले आहे, ते दहा वर्षांपूर्वी नव्हते. बँकेचे खाते, आधार, पीएम-किसानची ई-केवायसी, घरगुती गॅसची नोंदणी या साऱ्यांचा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक आकडा, त्या एका नंबरावर येतो. पॅकची वैधता संपली की आधी जाणारे आणि मग येणारेही फोन बंद होतात. पुढे सिम दीर्घकाळ वापराविना राहिले, तर नंबर रद्द होऊन काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. ‘ट्राय’च्या २०१३ च्या नियमांनुसार ९० दिवसांच्या आत केवळ वापर नाही म्हणून सिम रद्द करता येत नाही आणि खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर त्यानंतरही ते राखले जाते. घरातील जादा सिम पडून असेल, तर त्यात ही शिल्लक ठेवणे हा अत्यंत स्वस्त विमा आहे.

येथेच एका गोष्टीकडे कळकळीने लक्ष वेधणे आवश्यक आहे. अनेक घरांत पत्नीच्या बँक खात्याला आणि आधारला पतीचाच नंबर जोडलेला असतो. पती तोडीला किंवा शहरात गेला की तिच्या पैशाचा ओटीपी शेकडो किलोमीटर दूर वाजतो आणि ती सेवा केंद्राच्या ओट्यावर ताटकळत राहते. घरात दुसरा महागडा फोन घेण्यापूर्वी तिच्या नावाचे सिम आणि एक साधा बटणाचा फोन तिच्या हाती देणे, हा पैशाचा अधिक न्याय्य उपयोग होय.

आता दराचा हिशेब. २८ दिवसांचा पॅक हा महिन्याचा पॅक नव्हे. ३६५ दिवसांत तो १३ वेळा मारावा लागतो, म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात तेरावा हप्ता भरावा लागतो. ग्राहकांच्या तक्रारींनंतर ‘ट्राय’ने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक पॅक ठेवण्यास भाग पाडले, पण दुकानात ते पॅक आपणहून दाखवले जात नाहीत, ते मागावे लागतात. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि नेट न वापरणाऱ्यालाही नेटचे पैसे भरावे लागतात ही तक्रार तीव्र झाली. २३ डिसेंबर २०२४ रोजी ‘ट्राय’ने केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे पॅक देणे सक्तीचे केले आणि अशा विशेष पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये आलेले दर उदाहरणादाखल पाहण्याजोगे आहेत. एअरटेलचा ८४ दिवसांचा केवळ बोलण्याचा पॅक ४६९ रुपयांना आणि ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांना होता. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपयांना, तर मोठा पॅक १,७४८ रुपयांना होता. मात्र हा मोठा पॅक ३६५ नव्हे, ३३६ दिवसांचा, म्हणजे २८ दिवसांच्या १२ फेऱ्यांचा होता. रक्कम दिवसांनी भागली की एअरटेलच्या वार्षिक पॅकचा रोजचा खर्च सुमारे ५ रुपये ७ पैसे आणि जिओच्या मोठ्या पॅकचा सुमारे ५ रुपये २० पैसे निघतो; कमी रकमेचा पॅक स्वस्त असतोच असे नाही. त्याच काळातील एअरटेलचा १९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक १३ वेळा मारणाऱ्याचे २,५८७ रुपये जात होते, म्हणजे वार्षिक पॅकपेक्षा ७३८ रुपये जास्त. त्यात २८ दिवसांना २ जीबी नेट मिळत असे, पण बटणाच्या फोनवर त्याचा उपयोग शून्य. दर बदलत राहतात, भागाकार बदलत नाही.

यातील अन्याय असा की रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती एकरकमी १,८४९ रुपये नसतात, म्हणून तो २८ दिवसांचा पॅक घेतो आणि ज्याच्याकडे कमी आहे तोच अधिक मोजतो. हळदीची पट्टी हाती आली की घरातील बोलण्यापुरत्या फोनचा वर्षाचा रिचार्ज उरकून घेणे, हा त्यावर हिंगोलीतील घराला सहज जमणारा उपाय आहे. मात्र वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी रेंजची खात्री झालेली हवी, कारण मध्येच कंपनी बदलली तर उरलेली मुदत बुडते.

नेटच्या पॅकमध्ये रोजच्या मर्यादेचे आणि एकूण मर्यादेचे असे दोन प्रकार असतात. पहिल्यात ठरलेले दीड-दोन जीबी मध्यरात्री संपतात आणि उरलेले वाया जाते. दुसऱ्यात सारे नेट मुदतभर पुरवून वापरता येते. मोबाइलवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला प्रकार परवडतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र भरणे, मोंढ्यावरील भाव पाहणे आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ अ‍ॅपवर विजेचा इशारा पाहणे एवढ्यासाठी दुसरा प्रकार पुरेसा आहे. नेटचा जोडपॅक मूळ पॅक चालू असेपर्यंतच चालतो, हेही ध्यानात ठेवावे.

फोनचा विचार या सर्वांनंतर करावा. जिओचे जाळे केवळ ४जी आणि ५जीचे असल्याने २जीचा जुना बटणफोन त्यावर चालत नाही. त्याला ‘वोल्टे’, म्हणजे ४जीवरूनच बोलण्याची सोय असलेला फोन लागतो. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओ भारत हा असा बटणफोन असून त्यात यूपीआयही चालते, पण तो त्याच कंपनीला बांधलेला आहे. ज्या वाडीत ती रेंज नाही तेथे तो निरुपयोगी ठरतो. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झवर चालते आणि त्यातील ७०० साठी फोनच्या माहितीपत्रकात ‘बँड २८’ असावा लागतो, जो जुन्या स्वस्त फोनांत बहुधा नसतो. गावात ५जीची रेंज येईपर्यंत केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्यापेक्षा ५,००० एमएएचची बॅटरी आणि धूळ-शिंतोड्यांपासून बचाव सांगणारा ‘आयपी ५४’ हा दर्जा सोयाबीनच्या मळणीत व हळदीच्या पॉलिशच्या धुरळ्यात अधिक उपयोगी पडतात. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा आकडा जाहिरातीसाठी असतो.

जुना फोन घेताना पैसे देण्याआधी त्यावर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा, इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा आणि फोन चोरीचा किंवा बंद केलेला नाही याची खात्री करून घ्यावी. नव्या फोनची पावती आणि खोक्यावरील हा क्रमांक घरच्या कागदपत्रांत ठेवावा, कारण फोन हरवल्यास पोलिस तक्रारीच्या प्रतीसह ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हाच क्रमांक भरून तो देशभर बंद करता येतो.