प्रकाशाची लेखणी

प्रश्नपत्रिका असो वा गुणपत्रक, शाळेच्या कचेरींतील लेसर प्रिंटरमधून कागद क्षणार्धांत छापून बाहेर पडतो आणि हातीं घेतांच उबदार लागतो. आंत ना लेखणी, ना पातळ शाई, ना जुळविलेले खिळे. मग अक्षरें उमटतात तरी कशीं? ह्या प्रश्नाचा थोडक्यांत उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या यंत्राचें हृदय म्हणजे एक लहानसा दंडगोल. त्यावरील लेपाचा गुण असा कीं, अंधारांत तो विद्युद्भार धरून ठेवतो, परंतु प्रकाश पडतांच तेवढ्या जागेवरील भार सोडून देतो. प्रथम दंडगोलावर सर्वत्र सारखा ऋणभार पसरवितात. मग लेसरचा बारीक किरण वेगानें फिरणाऱ्या बहुकोनी आरशावर पडतो. आरशाची एकेक बाजू त्या किरणास दंडगोलाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नेते व एक रेघ पुरी होते. तोंच दंडगोल किंचित् फिरतो व पुढील बाजू पुढील रेघ ओढते. जेथें काळें हवें तेथें किरण पेटतो, इतरत्र विझतो. इंचास 600 रेघा धरिल्या, तर ए-4 आकाराच्या एका पानास सुमारें 7,000 रेघा लागतात व त्यांवर सुमारें साडेतीन कोटी ठिपक्यांच्या जागा येतात!

हें चित्र अद्याप अदृश्यच असतें. तें प्रकट करते टोनर नांवाची अतिसूक्ष्म पूड. तिच्यावरही ऋणभार असतो. सजातीय भार परस्परांस दूर लोटतात, हें आपण विज्ञानाच्या तासास शिकतों. म्हणून पूड भारित भागापासून दूर राहते व प्रकाशानें स्पर्शिलेल्या जागींच बसते. पुढें कागदामागील विरुद्ध भार तिला कागदावर ओढून घेतो आणि तप्त रुळांखालीं ती वितळून चिकटते. कागदाची ऊब ती हीच.

ह्या विद्येचे जनक चेस्टर कार्लसन ह्यांचें बालपण आईबापांच्या आजारपणांत व दारिद्र्यांत गेलें. न्यूयॉर्कमध्यें पेटंटच्या कामीं पुरेशा नकला मिळेनात, म्हणून त्यांनीं प्रयोग आरंभिले. 22 ऑक्टोबर 1938 रोजीं गंधक लावलेला जस्ताचा पत्रा सुती कापडानें घासून त्यांनीं पहिली नक्कल काढिली. पुढें वीसांहून अधिक कंपन्यांनीं त्यांस नकार दिला. 1944 सालीं बॅटेल संस्थेनें हात दिला, आणि 1959 सालीं झेरॉक्स 914 हें यंत्र बाजारांत आलें. लेसरची कल्पना काढणारे गॅरी स्टार्कवेदर ह्यांनाही वरिष्ठांचा विरोध सोसावा लागला. तरी 1971 सालीं त्यांनीं आपलें यंत्र चालवून दाखविलें.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं ध्यानांत ठेवावी. किरणास अर्थ कळत नाहीं. शुद्ध व अशुद्ध दोन्ही तो सारख्याच सुबकपणें रेखितो. यास्तव सुंदर छापलेला निबंध पाहून अभ्यास झाला असें समजूं नये. नक्कल यंत्रानें करावी. विचार मात्र आपणच करावा.