शेताचा निरोप

इ.स. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे बारामती व इंदापूर या दुष्काळी तालुक्यांत उसाचे मळे डोलू लागले. परंतु जितके पाणी अधिक तितका ऊस जोमदार, ही समजूत महागात पडली. पाणी साचले, क्षार वर आले आणि कितीतरी सुपीक जमीन खारवट झाली. पाणी केव्हा देऊ नये, हे कळणेच खरे अवघड!

ते कळावे म्हणून बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या साहाय्याने एक नवा प्रयोग आरंभिला. जमिनीत पुरलेली उपकरणे मातीतील ओल व क्षार मोजतात, शेतातील हवामान केंद्र वारा व पाऊस टिपते आणि उपग्रह पिकाची छायाचित्रे घेतो. संगणक या साऱ्यांचा मेळ घालून शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप धाडतो. हवामानाचा अंदाज साऱ्या तालुक्याला एकच असे; हा सल्ला मात्र एकेका शेताचा असतो.

२०२४ साली ही योजना प्रथम १,००० शेतकऱ्यांपुरतीच चाचणीसाठी घेण्यात आली. सर्वांसाठी एकदम का नाही? मोबाइलवरील खेळ चुकला, तर पुन्हा मांडता येतो. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. सल्ला चुकला, तर त्या घराचे दीड वर्ष बुडते. म्हणून निरोप आला, तरी जाणता शेतकरी सरीत उतरतो आणि मूठभर माती उकरून दाबून पाहतो. तिचा गोळा झाला, तर ओल आहे.